रेषेची कोणती बाजू?

महिन्याच्या वाणसामानावरून घरांत जो वाद होतो तो बहुधा बीजगणिताचाच असतो, हें कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. समजा, तांदूळ ६० रुपये शेर (छे, आतां किलो म्हटलें पाहिजे) व तूरडाळ १२० रुपये किलो. दोहोंवर मिळून १२०० रुपयांहून अधिक खर्चावयाचे नाहींत. तांदळाचे किलो क्ष, डाळीचे य मानूं. भास्कराचार्य यावत्तावत् व कालक म्हणाले असते. मग क्ष + २य ही बेरीज २० किंवा त्याहून कमी असावी.

प्रथम बरोबरीची रेषा काढावी. आडव्या अक्षावर तांदूळ २०, उभ्या अक्षावर डाळ १०. हे बिंदु जोडावे. सगळे पैसे संपले तरी चालतें, म्हणून रेषा अखंड. ‘१२०० हून कमीच’ अशी अट असती तर ती तुटक काढावी लागली असती. आतां आरंभबिंदूची साक्ष घ्या. कांहींच न आणल्यास खर्च शून्य, अट खरी; म्हणून त्याच बाजूस छाया द्यावी. ऋण तांदूळ कोणी आणीत नाहीं, तेव्हां पहिला चरणच पुरे.

येथवर विद्यार्थी चुकत नाहींत. परंतु ‘कमी असेल तर खालचा भाग’ असा एक मंत्र वर्गावर्गांतून चालत आला आहे, आणि मींहि तो कित्येक वर्षें फळ्यावर लिहिला, हें कबूल केलें पाहिजे. वाढत्या वयाच्या मुलांची आई दुसरी अट घालते: डाळ तांदळाच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी नको. म्हणजे क्ष मधून ३य वजा केल्यास बाकी शून्य किंवा त्याहून कमी यावी. मंत्राप्रमाणें खालचा भाग रंगवाल, तर मुलांच्या पानांत नुसता भात पडेल! ही रेषा आरंभबिंदूंतूनच जाते, सबब त्याची साक्ष येथें निरुपयोगी. तांदूळ ०, डाळ ५ असा बिंदु घ्यावा. बाकी उणें १५, अट खरी, भाग वरचा.

दोन्ही छाया एकावर एक पडतात तो त्रिकोण गृहिणीच्या हातांत. त्यांतील कोणताहि बिंदु उत्तरच होय. जेथें दोन रेषा छेदतात तेथें तांदूळ १२ व डाळ ४ किलो. वजनानें सर्वांत जास्त शिधा, १६ किलो, याच टोंकाशीं मिळतो.

जिन्नस दोन असले तर कागद पुरतो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनीं १९४५ सालीं ७७ पदार्थ व ९ पोषकांच्या अटी घेऊन एका माणसाचा वर्षाचा स्वस्तांत स्वस्त आहार अदमासानें काढला: १९३९ च्या भावानें ३९.९३ डॉलर. १९४७ सालीं जॉर्ज डॅन्टझिग यांच्या नव्या रीतीनें, हातयंत्रांवर सुमारें १२० मनुष्यदिवस खपून, खरा किमान आंकडा ३९.६९ निघाला. स्टिगलर यांच्या यादींत गव्हाचें पीठ, आटविलेलें दूध, कोबी, पालक व वाळलेला घेवडा, एवढेच पांच जिन्नस होते. मीठमसाल्याचें नांवहि नव्हतें.