पोटातले पाणी आणि मानेच्या शिरा

पोटात पाणी झालेला माणूस दिसला की 'पीत असणार' असा निकाल लोक बिनदिक्कत देऊन टाकतात. जलोदराचे सर्वांत मोठे कारण यकृत कठीण पडणे हेच आहे, हे खरे. पण यकृत जुनाट काविळीच्या विषाणूंनीही बिघडते, आणि काहींचे यकृत मुळात बिघडलेलेच नसते.

आम्ही डॉक्टर नव्हे. आजारी कामगारांबरोबर दवाखान्यांच्या बाकांवर बसून, विचारून आणि वाचून जे समजले तेवढे सांगतो.

पोटातले पाणी सुईने काढून तपासलेच पाहिजे. रक्तातील व पाण्यातील अल्ब्युमिन एकाच दिवशी मोजून वजाबाकी करतात. शंभर मिलिलिटरमागे १.१ ग्रॅम किंवा अधिक फरक निघाला, तर यकृताच्या वाटेवरील शिरांत दाब वाढलेला असतो. कमी निघाला, तर पोटाच्या पडद्याचा क्षय, कर्करोग किंवा स्वादुपिंडाची गळती शोधावी. पाणी दुधासारखे आले, तर लसिकावाहिनी तुंबली वा फुटली असे समजावे.

आमच्या एका माळकरी यंत्रमाग कामगाराला एका दवाखान्यात दोन वर्षे 'दारू सोड' हेच ऐकावे लागले. 'बाप पितो' म्हणून मुलीचे ठरलेले लग्न मोडले. शेवटी एका तरुण डॉक्टरने त्याची मान पाहिली. ताठ बसलेला असतानाही मानेच्या शिरा फुगलेल्या! नुसत्या यकृताच्या विकारात असे सहसा होत नाही. हृदयाभोवतीचे आवरण जाड व ताठर झाले की हृदय पुरते भरत नाही, रक्त मागे यकृतात तुंबते आणि पोटात पाणी झिरपते. आपल्या देशात याच्या मुळाशी पुष्कळदा क्षय असतो. अशा पाण्यात दाब वाढल्याचा फरक दिसतोच, शिवाय प्रथिनेही शंभर मिलिलिटरमागे २.५ ग्रॅमच्या वर असतात. त्याचे आवरण शस्त्रक्रियेने काढले आणि पाणी ओसरले. लग्न मात्र मोडले ते मोडलेच.

यकृतातून बाहेर पडणाऱ्या शिरांत गुठळी अडकली तरी पोट असेच भरते. १८४५ साली जॉर्ज बड यांनी आणि १८९९ साली हान्स किआरी यांनी हा विकार वर्णिला. आज डॉपलर सोनोग्राफीत तो बहुधा दिसतो.

बायकांच्या बाबतीत आणखी एक. अंडाशयाची साधी गाठ, तिच्याबरोबर पोटात आणि छातीतही पाणी, असे क्वचित आढळते. घरचे कर्करोग समजून हातपाय गाळतात. १९३७ साली मेग्ज यांनी अशा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. गाठ काढली की दोन्हीकडचे पाणी जाते.