आठ आण्यांचे मोल

पारोळ्याच्या पेठेत पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करणाऱ्या घरांत दिवाळीपूर्वी जुन्या गल्ल्याचा खण रिकामा केला, की तळाशी आठ आण्यांची काही नाणी सापडतात. एखाद्यावर पंडित नेहरूंची मुद्रा असते. अशा नाण्याला लाखो रुपये मिळतात, ही जाहिरात घरातील तरुणाने मोबाईलवर पाहिलेली असते; आणि आजवर दुर्लक्षित खणाकडे साऱ्यांची दृष्टी वळते.

नेहरूंचे निधन २७ मे १९६४ रोजी झाले. त्यांच्या स्मरणार्थ त्याच वर्षाची एक रुपया व पन्नास पैसे ही नाणी निघाली. स्वतंत्र भारताची ही पहिली स्मारक नाणी. योगायोग असा, की त्याच वर्षी अमेरिकेने केनेडींच्या स्मरणार्थ अर्धा डॉलर काढला. त्यात ९० टक्के चांदी असल्याने लोकांनी तो खर्चण्याऐवजी घरातच ठेवला. आपली अधेली निकेलची, वजन अवघे ५ ग्रॅम. सराफाच्या काट्यावर तिला भाव नाही. गांधी शताब्दीच्या दहा रुपयांच्या नाण्याचे तसे नाही. त्याच्या १५ ग्रॅम वजनात ८० टक्के चांदी, म्हणजे १२ ग्रॅम शुद्ध चांदीचा आधार त्याला केव्हाही आहे.

अधेलीचे मोल प्रामुख्याने तिच्या स्थितीवर ठरते. मुद्रेवरील बारीक रेषा शाबूत आहेत काय, मूळची झळाळी टिकली आहे काय, हे संग्राहक आधी पाहतो. नेहरूंचे नाव काही नाण्यांवर देवनागरीत, काहींवर इंग्रजीत आहे. सालाखालची हिऱ्यासारखी खूण मुंबई टाकसाळीची, तारा हैदराबादचा. खूणच नसेल तर नाणे कोलकात्याचे. हातोहात फिरून झिजलेल्या नाण्याला मात्र फारसे मोल येत नाही. चिंच लावून ते घासणे तर सर्वांत वाईट. झळाळी जाते आणि किंमतही.

लाखांच्या आमिषामागे बहुधा ‘आधी शुल्क भरा’ ही मागणी असते. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आपला संबंध नाही आणि त्यासाठी आपण कोणतेही शुल्क घेत नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच जाहीर केले आहे. रोजच्या व्यवहारात उधारी पारखून देणारा व्यापारी येथे का फसावा, हे नवलच!

भगवान महावीरांच्या २६०० व्या जन्मकल्याणकानिमित्त २००१ साली निघालेले पाच रुपयांचे नाणेही काही घरांत जपलेले असते. ते मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवल्यास कालांतराने हिरवट चिकट थर चढतो. कोरड्या कागदी पाकिटात, कडेला धरून ठेवावे.