तीन वर्षांत सुटून येतो, मग?

लेखमाला : कायदा आणि लेकरं (भाग ६)

मे २०२५ मध्ये यवतमाळजवळ चौसाळ्याच्या जंगलात एका शिक्षकाचा जळालेला मृतदेह सापडला. खुनाचा आरोप शिक्षकी पेशातल्याच एका व्यक्तीवर आला, आणि मृतदेहाची विल्हेवाट लावायला शिकवणीच्या अल्पवयीन विद्यार्थ्यांची मदत घेतल्याचं पोलिसांनी सांगितलं. खरंखोटं न्यायालय ठरवील. पण अशी बातमी आली की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘काय होते त्याले? तीन वर्सांनं सुटून येते!’

या वाक्यामागची चीड खरी आहे. तिनेच कायदा बदलला. दिल्लीच्या २०१२ च्या सामूहिक बलात्कार प्रकरणातला अल्पवयीन आरोपी २० डिसेंबर २०१५ ला सुटला आणि दोनच दिवसांनी राज्यसभेत नवं बाल न्याय विधेयक मंजूर झालं. तेव्हापासून सोळा ते अठरा वयाच्या मुलावर घोर गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याला प्रौढ मानून खटला चालवता येतो. म्हणजे तीन वर्षांची मर्यादा सरसकट उरलेली नाही. फाशी किंवा सुटकेची आशाच नसलेली जन्मठेप मात्र देता येत नाही.

घोर गुन्हा म्हणजे किमान सात वर्षांची शिक्षा असलेला गुन्हा. खून त्यात येतो. पुरावा नष्ट करणं येत नाही. त्यामुळे मुलावर फक्त दुसरं कलम लागलं, तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडेच राहतं आणि विशेष गृहातला मुक्काम तीन वर्षांपुढे जात नाही. घोर गुन्ह्यातही आधी मंडळ तपासतं : मुलाची शारीरिक-मानसिक क्षमता किती, परिणामांची समज होती का, हे कोणत्या परिस्थितीत घडलं? मंडळावर एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांतली किमान एक महिला.

परिस्थितीचा हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. ज्याच्यापुढे पोरगं रोज वही उघडून बसतं, त्याच माणसाने गुन्ह्यात मदत मागितली, तर नाही म्हणायचं बळ त्याने आणायचं कुठून? भारतीय न्याय संहितेचं कलम ९५ हे ओळखतं. मुलाला गुन्ह्यासाठी वापरणाऱ्याला तीन ते दहा वर्षं कैद आहे. शिवाय तो गुन्हा घडलाच, तर त्याने स्वतः केल्यासारखी शिक्षाही.

मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगर अपघातानंतर अल्पवयीन चालकाला तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर जामीन मिळाला, तेव्हा महाराष्ट्र पेटून उठला. ते बरोबरच होतं. दोन जीव गेले होते. पण तो राग जामिनापाशीच थांबला. निरीक्षणगृहात समुपदेशक आहे का, पोराचं शिक्षण चालू आहे का, बाहेर आल्यावर त्याची विचारपूस कोण करतं, यासाठी कुणी मोर्चा काढल्याचं मी पाहिलेलं नाही.

ते मूल परत येणार आहे, आपल्याच गावात. म्हणून पुढच्या वेळी ‘किती वर्षं?’ विचारताना ‘त्या वर्षांत काय?’ हेही जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाला विचारा.