संगणकाचा पडदा काळाच राहिल्यास

पंखा फिरतो, दिवा लागतो, परंतु पडद्यावर काहीच उमटत नाही, अशी तक्रार पावसाळ्यानंतर हटकून येते. तेवढ्यावरून ग्राफिक्स कार्ड जळाले असे ठरवू नये. पवनी तालुक्यातील एका शाळेत नवे कार्ड घेण्याचा ठराव लिहून झाला होता, मुलांचा तास आठवडाभर बंद होता. पाहतो तो केबल मदरबोर्डाच्या पोर्टमध्ये आणि कार्डाचे पोर्ट मोकळे! कार्ड बसविले की मदरबोर्डाचे पोर्ट बहुधा बंद पडते.

प्रथम दुसरी केबल व दुसरा मॉनिटर लावून पाहावा. नंतर प्लग काढून, रॅम व कार्ड यांच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलकेच पुसून ती पुन्हा घट्ट बसवावीत. एवढ्यानेही चित्र न आल्यास कार्ड काढून केबल मदरबोर्डाला जोडावी. आता चित्र दिसले, तर दोष कार्डाचा किंवा त्याच्या स्लॉटचा समजावा. पण पाठ व चित्रफिती दाखविण्यास एवढी सोय पुरेशी असल्याने खर्च टळतो. मात्र नावाअखेर ‘एफ’ असलेल्या इंटेल प्रोसेसरात ही सोय नसते. तेथे कार्ड हवेच.

ते निवडताना स्लॉटमधून मिळणाऱ्या 75 वॅटमध्येच भागणारे घ्यावे. जुन्या एसएमपीएसवर अधिक भार नको. अरुंद कॅबिनेट असल्यास बुटके कार्ड मागावे. नव्या कार्डांना बहुधा व्हीजीए पोर्ट नसते. जुन्या मॉनिटरसाठी एचडीएमआयकडून व्हीजीएकडे नेणारा कन्व्हर्टर घ्यावा. उलट दिशेचा दुकानदाराने दिल्यास तो तेथेच परत करावा.