केसपेपरची साक्ष

बार्शीचें नांव घेतांच कोणास भगवंताचें देऊळ आठवतें, तर कोणास कुर्डुवाडीकडे जाणारी जुनी छोटी आगगाडी. वैद्यकाच्या जगांत मात्र हें गांव नोंदींसाठीं ओळखलें जातें. येथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या आश्रयानें १९८७ सालीं ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील खेड्यांत कार्यकर्ते फिरले आणि रोग्यांची मोजदाद करूं लागले. वेळेवर कागदावर उतरलेली गोष्ट किती दूरवर उपयोगी पडते, हें या गांवास निराळें सांगावयास नको. परंतु रोग्याच्या उशाशीं परिचारिकेनें लिहिलेली ओळ उद्यां न्यायाधीशापुढेंही वाचली जाऊं शकते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानीं नसते.

अमेरिकेंत या कामाचा स्वतंत्र पेशाच झाला आहे. तेथें अनुभवी परिचारिका वकिलांस रुग्णालयाचे कागद उलगडून देतात आणि प्रसंगीं न्यायालयांत उभ्या राहून ते समजावून सांगतात. त्यांची राष्ट्रीय संघटना १९८९ सालीं स्थापन झाली. आपल्याकडे असा पेशा रूढ झालेला नाहीं. काम मात्र आहेच, आणि तें बहुधा वकिलाच्या ओळखीचा एखादा डॉक्टर सवडीप्रमाणें करतो. वास्तविक डॉक्टर येतात आणि जातात. रात्रभर रोग्याजवळ असते ती परिचारिका.

समजा, शस्त्रक्रियेनंतर एक रोगी दगावला. नातेवाईक म्हणतात, बोलावूनही डॉक्टर वेळेवर आले नाहींत. डॉक्टर म्हणतात, निरोपच उशिरा पोंचला. दोघेही शपथेवर बोलतात. एका बाजूस घरचा कर्ता मनुष्य गेलेला, दुसऱ्या बाजूस जन्मभराचें नांव पणास लागलेलें. आणि मध्यें तापाचा तक्ता, औषधांचा कागद व परिचारिकेचें टिपण. जाणत्या परिचारिकेचें पहिलें काम म्हणजे हे सर्व कागद मिनिटांच्या क्रमानें एका खालीं एक लावणें. तसें केलें म्हणजे रिकाम्या जागा आपोआप दिसूं लागतात. अकरा वाजतां रक्तदाब उतरल्याची नोंद आहे आणि पुढची नोंद एकदम साडेबाराची, तर मधल्या दीड तासांत काय झालें, हा प्रश्न कोणीं न विचारतांच उभा राहतो.

यांत एक खोंच आहे. भिंतीवरचें घड्याळ, परिचारिकेच्या हातांतलें घड्याळ, नाडी दाखविणाऱ्या यंत्रांतलें घड्याळ आणि व्हरांड्यांतल्या कॅमेऱ्याचें घड्याळ, ही चारही एकच वेळ दाखवितील असें नाहीं. दहा-बारा मिनिटांचा फरक सहज पडतो, आणि तेवढ्यावर निर्दोष मनुष्य दोषी दिसूं शकतो. म्हणून नकाशा मांडण्यापूर्वीं कोणतें घड्याळ किती पुढें वा मागें होतें, हें तपासून तसें लिहून ठेवावें लागतें. रंगीत आकृत्या पडद्यावर दाखविणें त्या मानानें अगदीं सोपें.

पडदा आपल्या न्यायालयांत आला तोही एका वैद्यकीय खटल्याच्या निमित्तानें. मुंबईंतील कर्करोगाच्या एका रोगिणीवर झालेल्या शस्त्रक्रियेविषयीं फौजदारी फिर्याद होती. शस्त्रक्रिया करण्याजोगी स्थिति नाहीं, असें मत पूर्वीं न्यूयॉर्कच्या एका तज्ज्ञानें दिलें होतें. परंतु तो साक्षीस भारतांत यावयास तयार नव्हता. साक्ष आरोपीच्या समक्ष झाली पाहिजे, पडद्यावरची हजेरी समक्ष कशी, असा वाद निघाला. मुंबई उच्च न्यायालयानें परवानगी नाकारली; पण १ एप्रिल २००३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई' या प्रकरणांत ती दिली. गर्दीच्या दालनांतल्यापेक्षां पडद्यावर साक्षीदार अधिक स्पष्ट दिसूं शकतो आणि चित्रण पुन्हां लावून पाहतां येतें, असें न्यायमूर्तींनीं म्हटलें. पुढें २०१३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्या डॉक्टरांस फौजदारी आरोपांतून मुक्त केलें. यंत्रानें साक्ष आणून दिली, निकाल दिला नाहीं.

यंत्रांतली नोंद न्यायालयांत कशी दाखल करावी, हें जालन्याच्या एका निवडणूक-तंट्यानें शिकविलें. २०१४ सालच्या उमेदवारी अर्जांपैकीं कांहीं दुपारीं तीननंतर आले कीं काय, हा प्रश्न होता आणि पुरावा होता तो कचेरींतल्या कॅमेऱ्याच्या चित्रणाच्या प्रतींचा. येथेंही तंटा घड्याळाचाच! खोतकर-गोरंट्याल प्रकरणांत १४ जुलै २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, मूळ यंत्र हजर न करितां नुसती प्रत दिली, तर सोबत प्रमाणपत्र हवेंच. १ जुलै २०२४ पासून १८७२ च्या कायद्याच्या जागीं भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या ६३ व्या कलमांत या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. एक यंत्र सांभाळणाऱ्यानें भरावयाचा, दुसरा तज्ज्ञानें. त्यांत 'हॅश' नांवाची खूण नोंदवावी लागते. नोंदींतलें एक अक्षर जरी बदललें तरी ही खूण बदलते. जुन्या लखोट्यावरच्या लाखेच्या मोहोरेचेंच हें नवें रूप म्हणावयाचें.

आतां साक्षीच्या पिंजऱ्याकडे वळूं. तेथें वक्तृत्व कामास येत नाहीं. जें पाहिलें तें सांगावें. मत विचारलें गेलें आणि तें देण्याचा अधिकार नसेल, तर तसें स्पष्ट म्हणावें. आठवत नसेल तर 'आठवत नाहीं' हें पूर्ण उत्तर आहे. त्या वेळीं स्वहस्तें लिहिलेलें टिपण पाहून स्मरण ताजें करण्याची मुभा कायदा देतो. मात्र तें टिपण विरुद्ध पक्षाच्या वकिलासही दाखवावें लागतें, आणि खाडाखोड असेल तर उलटतपासणीचा रोख तेथेंच वळतो. चुकलेल्या शब्दावर एकच रेघ, शेजारीं सही आणि वेळ, एवढें केलेलें असलें म्हणजे सांगणाऱ्यास अवघडावें लागत नाहीं. पांढऱ्या रंगानें झांकलेली चूक ही मूळ चुकीहून फार महाग पडते.

भाषेचेंही पाहिलें पाहिजे. तालुक्याच्या न्यायालयांत कामकाज मराठींत चालतें आणि केसपेपर इंग्रजी आद्याक्षरांनीं भरलेला असतो. 'बी.डी.' म्हणजे दिवसांतून दोनदां, 'एन.बी.एम.' म्हणजे तोंडानें कांहीं द्यावयाचें नाहीं. 'एस.ओ.एस.' ऐकून एखाद्यास बुडतें जहाज आठवेल. रुग्णालयांत त्याचा अर्थ 'गरज पडल्यास' एवढाच. अशा अक्षरांची अर्थासह यादी आधींच न्यायाधीशांपुढें ठेवणारी परिचारिका सर्वांचा वेळ वांचविते.

हे कागद घरच्या मंडळींसही मागतां येतात. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणें आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षें जतन कराव्या लागतात, आणि रोग्यानें किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीनें मागणी केल्यास ७२ तासांच्या आंत त्या द्याव्या लागतात. मागणी लेखी करावी, तिच्या प्रतीवर पोंच घ्यावी, आणि पोंचेवर तारखेबरोबर वेळही घालून घ्यावी.