तुतारीविना पट

विदर्भात तुतारी म्हणजे फुंकायची नव्हे, टोचायची. काठीच्या टोकाला बसवलेली लोखंडी आर. शंकरपट म्हटला की धुरकऱ्याच्या एका हातात कासरे आणि दुसऱ्या हातात तुतारी, हे चित्र आष्टी-आर्वीकडच्या जुन्या माणसांच्या डोळ्यांसमोर आजही उभे राहते. आता कायद्याने ती तुतारी काढून घेतली आहे. पटाचे नवे नियम म्हणजे कागदपत्रांची कटकट, असे गावोगाव ऐकू येते. माझ्या मते त्या नियमांशिवाय आज पट उभाच राहू शकत नाही.

त्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागेल. 11 जुलै 2011 रोजी केंद्र सरकारने, ज्या प्राण्यांचे खेळ करता येत नाहीत त्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यती दोन्ही बेकायदा ठरवल्या. बैलाची शरीररचना घोड्यासारखी धावण्यासाठी नाही, हा त्या निकालातला कळीचा मुद्दा. महाराष्ट्राने 2017 मध्ये कायद्यात दुरुस्ती केली आणि शर्यतींचे नियमही केले, पण मुंबई उच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे ते कागदावरच राहिले. 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम परवानगी दिली. पुढे 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू आणि कर्नाटकाच्या कायद्यांबरोबर महाराष्ट्राचाही कायदा वैध ठरवला.

या शेवटच्या निकालाचे तर्कशास्त्र नीट पाहिले पाहिजे. बैल धावू शकतो की नाही, यावर तो उभा नाही. नवे नियम प्राण्याच्या वेदना पुष्कळ कमी करतात आणि ते काटेकोर पाळले जातील, या गृहीतावर तो उभा आहे. पाळले जातात की नाही हे पाहण्याची जबाबदारी न्यायालयाने जिल्हा प्रशासनावर टाकली. म्हणजे नियम गेला तर आधारही गेला.

नियम असे: जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, 50 हजार रुपयांची हमी, बैल सुदृढ असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला, धाव 1,000 मीटरपेक्षा लांब नको, काठी-चाबूक-विजेचे यंत्र नको, सगळ्याचे चित्रीकरण हवे. मोडल्यास 5 लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद.

यातला अंतराचा नियम आपल्याकडे जवळजवळ निरर्थक आहे. तो पश्चिम महाराष्ट्रातल्या लांब पल्ल्याच्या शर्यती समोर ठेवून लिहिल्यासारखा वाटतो. वर्धा नदीपलीकडे, अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट घ्या (आष्टी तालुक्यातले तळेगाव श्यामजीपंत वेगळे, घोटाळा नको). तिथली सरळ, आखूड धाव काही सेकंदांत संपते. मोजमाप सेकंदाच्या अंशांत होते. तिथे महिला धुरकरीही जोड्या हाकतात. अशा खेळात 1,000 मीटरची मर्यादा कुणाला अडवत नाही. अडवतो तो तुतारीचा नियम. शेवटच्या टप्प्यात टोचून काढलेला वेग गेला की उरते काय? जोडीचा मेळ, जुवाची बसवणूक, छकड्याचा हलकेपणा, धुरकऱ्याचा आवाज, आणि मुख्य म्हणजे बैलाची जात.

मोटारींच्या शर्यतीत नियम बदलले की यंत्र बदलते. योगायोगाने 2014 मध्येच फॉर्म्युला वनने 2.4 लिटरची आठ सिलिंडरची इंजिने काढून 1.6 लिटरची सहा सिलिंडरची संकरित इंजिने आणली. ज्यांनी तयारी आधी केली त्या मर्सिडीजने त्या वर्षीच्या 19 पैकी 16 शर्यती जिंकल्या. बैलाचे तसे नाही. तो आराखड्यावर घडत नाही, पिढ्यांतून घडतो. आणि बंदीची सात वर्षे म्हणजे एका बैलाची जवळजवळ सगळी उमेदीची वर्षे.

आष्टी, आर्वी, कारंजा हा गवळाऊ जातीचा मूळ मुलूख. पांढरीशुभ्र किंवा करडी, अंगाने सडपातळ, डोके लांबट, दुडक्या चालीत तरबेज. कारंजा तालुक्यातल्या हेटीकुंडीला या जातीच्या पैदाशीचे सरकारी क्षेत्रही आहे. टोचल्याशिवाय पळणारे जनावर हवे असेल, तर ते इथे दाराशीच आहे. पण गवळाऊ गाय दूध बेताचेच देते. संकरित गाई आल्या, ट्रॅक्टर आले, आणि ही जात मागे पडत गेली.

इथे एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. पटाचा बैल बहुधा खच्ची केलेला असतो. जिंकला तरी त्याचा वेग पुढच्या पिढीत उतरत नाही. तो गाईकडून येतो. पट वाचला की गवळाऊ वाचेल, हे म्हणूनच अर्धेच खरे आहे. बैलाला भाव आला आणि त्यातला वाटा गाय पाळणाऱ्यापर्यंत पोचला, तरच ते पूर्ण खरे होईल.

दुसरी अडचण नियमांच्याच पोटातली. ते शर्यतीच्या दिवसाचे आहेत. बैल मात्र वर्षभर तयार होतो, गावाबाहेरच्या पडीक रानात, पहाटे. तिथे ना पशुवैद्यक असतो ना कॅमेरा. प्राण्यांना क्रूरतेने वागवू नये हा 1960चा मूळ कायदा तिथेही लागू आहे; बघणारे कुणी नसते, एवढेच. धावेत हात रिकामे ठेवणारा धुरकरी सरावातही ते रिकामे ठेवतो का, हे आज फक्त त्यालाच ठाऊक असते, आणि त्याच्या जोडीला.