कमरेवरचं शस्त्र नेमकं कुठे असावं?

(गोंदिया जिल्ह्यातील पोलीस भरतीची तयारी करणारे तरुण आणि सुरक्षारक्षक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

विषय ऐकून काहींना हसू आलं असेल. होल्स्टर पट्ट्यावर कुठे लावायचं, यावर तासभर काय बोलायचं? पट्ट्यावर दोन बोटं इकडे की तिकडे, एवढाच तर प्रश्न! पण त्या दोन बोटांनी काय फरक पडतो, ते मी स्वतः भोगलंय. तिथूनच सुरुवात करतो.

नोकरीच्या सुरुवातीला मी होल्स्टर सरकवत सरकवत पार पाठीवर नेलं होतं. चालताना हाताला लागत नाही, दिसायलाही बरं. पावसाळ्यात एकदा धानाच्या बांधीतून जाताना पाळीवरून पाय घसरला आणि मी सरळ पाठीवर पडलो. खाली चिखल होता, पण चिखल आणि मणका यांच्या मधे किलोभर लोखंड होतं. आठ दिवस उठता-बसता देव आठवला. पाठीच्या कण्यावर कोणतीही कडक वस्तू लावायची नाही, हा धडा मी असा शिकलो. होल्स्टर असो, बेडी असो, बॅटरी असो, नियम तोच.

आता जागा सांगायच्या तर घड्याळ डोळ्यासमोर आणा. तुम्ही घड्याळाच्या मधोमध उभे आहात. नाभीवर बारा, उजव्या कुशीला तीन, पाठीच्या कण्यावर सहा, डाव्या कुशीला नऊ. उजव्या हाताच्या माणसाचं होल्स्टर साधारण तीनवर किंवा किंचित मागे असतं. डावखुऱ्याचं नऊवर. हे असंच का?

थोडा इतिहास बघू. संचलनात अधिकाऱ्यांच्या छातीवरून तिरका पट्टा जातो, तो सॅम ब्राउन बेल्ट. हा सॅम ब्राउन इंग्रजांच्या हिंदुस्थानी फौजेतला अधिकारी. 1858 मध्ये पिलीभीतजवळच्या लढाईत त्याचा डावा हात गेला. तलवार उपसताना म्यान डाव्या हाताने धरावं लागतं, आणि इथे तर हातच नाही. म्हणून त्याने म्यान घट्ट धरून ठेवणारा पट्टा आणि त्याला आधार म्हणून खांद्यावरून दुसरा पट्टा, अशी रचना केली. डावीकडे तलवार, उजवीकडे पिस्तूल. म्हणजे बघा, पट्ट्यावरची मांडणी शोभेसाठी ठरली नाही. एका माणसाच्या शरीराला काय जमतं आणि काय जमत नाही, यावरून ती ठरली. आपणही तेच विचारायचं.

पहिली कसोटी हाताची. सरळ उभे राहा, हात सैल सोडा, मग कोपर मागे घेत हात वर आणा. तळवा जिथे आपोआप येतो, तिथे मूठ हवी. खांदा उचलावा लागला तर होल्स्टर फार वर आहे. कमरेत वाकावं लागलं तर फार खाली आहे.

दुसरी कसोटी गर्दीची. सालेकसा तालुक्यात कचारगडची यात्रा असते, माघ पौर्णिमेच्या सुमारास. माणसाला माणूस खेटून चालतो. अशा बंदोबस्तात पिस्तूल पटकन निघतं का, यापेक्षा दुसऱ्या कुणाला ते काढता येतं का, हा प्रश्न मोठा. होल्स्टर कुशीवर असेल तर कोपर खाली दाबून ते झाकता येतं. चार-पाचच्या मागे गेलं की मागच्या माणसाचा हात तिथे पोचतो आणि तुम्हाला कळतही नाही. पोटावर आडवं लावलं, तर समोरच्याला ते हातात दिल्यासारखंच झालं. शिवाय उपसताना नळी शेजारच्या साथीदारावरून फिरते. म्हणून कुशी. वर बंद, डोरी, आणि बोलताना शस्त्राची बाजू नेहमी मागे.

तिसरी कसोटी गाडीची. इथे नीट लक्ष द्या. आपल्याकडे स्टेअरिंग उजवीकडे. साहेब बसतात पुढे डावीकडे. त्या सीटच्या बेल्टचं कुलूप कुठे येतं? उजव्या कुशीला. आणि होल्स्टर? तेही उजव्या कुशीला! दोघांची गाठ पडते. मग लोक काय करतात? सीटबेल्टच लावत नाहीत. देवरीचा हायवे म्हणजे ट्रकांचा रस्ता. तिथे गोळीआधी अपघात गाठायचा. उपाय साधा आहे. होल्स्टर एखादा इंच पुढे-मागे करून बघा, किंवा थोडं खाली लोंबणारा हँगर मिळत असेल तर तो लावा. बेल्ट लावता आला पाहिजे आणि एका हाताने सोडताही आला पाहिजे.

गाडीतली जागा किती कमी असते, हे 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईत कामा रुग्णालयाजवळ दिसलं. क्वालिसमध्ये करकरे, कामटे, साळसकर आणि त्यांचे शिपाई होते. त्यातले अरुण जाधव तेवढे वाचले. हाताला गोळ्या लागलेल्या, अंगावर सहकारी पडलेले. शस्त्र असूनही त्यांना ते उचलता आलं नाही. होल्स्टरची जागा बदलून ती रात्र बदलली असती, असं मी अजिबात म्हणत नाही. पण बसलेल्या, जखमी, अडकलेल्या माणसाची हालचाल केवढी उरते, हे त्यातून कळतं. म्हणून डावा हात तुमच्या मुठीपर्यंत पोचतो का, हे एकदा तरी बघून ठेवा.

आता महिलांबद्दल. राज्याच्या पोलीस दलात महिलांना 30 टक्के आरक्षण आहे, पण पट्ट्याची रचना पुरुषाच्या अंगाला धरूनच चालत आली. बाईची कंबर आखूड, कुल्हे रुंद. तेच होल्स्टर तिच्या कमरेवर तिरकं होतं आणि मूठ बरगडीत रुतते. तिने सांगितलं की उत्तर मिळतं, ‘सवय होईल.’ नाही होत! मूठ बरगडीपासून सुटेल इतकं होल्स्टर खाली आणि बाहेर यायला हवं. ही तक्रार नाजूकपणाची नाही, मापाची आहे.

शेवटी एकाने प्रश्न विचारला : ‘सर, सिनेमात मांडीवर बांधतात, ते चांगलं का?’

चांगला प्रश्न. बुलेटप्रूफ जॅकेट खाली येऊन मूठ झाकत असेल, तर खालची जागा उपयोगी पडते. गाडीत बसल्यावरही कमरेला मोकळीक मिळते; स्वीडनमध्ये पोलिसांवर असे अभ्यास झाले आहेत. पण आपल्या जंगलात दिवसभर पायी चालायचं, तर प्रत्येक पावलाला तो किलो मांडीवर हलतो. पट्टा सैल झाला की धावताना आपटतो. शिवाय गर्दीत खालचं शस्त्र कोपराने झाकता येत नाही. म्हणजे काम कोणतं, त्यावर उत्तर.

आणि एक लक्षात ठेवा. गणवेशाचा नियम आणि वरिष्ठांचा आदेश आधी. तुमच्या हातात असतात ते एक-दोन इंच, उंची आणि तिरपेपणा. तेवढ्यातच बसवायचं. प्रशिक्षकासमोर, मॅगझिन काढून, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासून, रिकाम्या शस्त्रावर करून बघा : उभं राहून, उकिडवं बसून, मोटारसायकलवर, गाडीत, धावून. जिथे सगळं जमेल तिथे पट्ट्यावर खूण करा आणि मग ती जागा बदलू नका. घाबरलेला माणूस विचार करत नाही, त्याचा हात सवयीच्या जागी जातो. त्या जागी शस्त्र असलं पाहिजे.

आणि देव करो, निवृत्तीपर्यंत ते बाहेर काढायची वेळ तुमच्यावर न येवो.